दहाव्या चार्ल्सची गादी तीन दिवसांत कशी गेली?

प्रश्न असा आहे: क्रांती झाली, नेपोलियन आला आणि गेला, त्यानंतर बूर्बाँ घराणं फ्रान्सच्या गादीवर परत आलं. मग जेमतेम पंधरा वर्षांत ते पुन्हा का हाकललं गेलं? दहाव्या चार्ल्सनं १८३० मध्ये वटहुकूम काढले, एवढंच कारण की आणखी काही? आणि 'बूर्बाँ काही शिकले नाहीत, काही विसरले नाहीत' हे म्हणतात ते खरं का?

शेवटच्या भागापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या उत्तराची किल्ली तिथंच आहे. ते वाक्य तालेराँ या फ्रेंच मुत्सद्द्याच्या नावावर चालतं. मी बावीस वर्षं पदवीच्या वर्गाला आधुनिक युरोप शिकवतो आहे, आणि निम्म्याहून अधिक उत्तरपत्रिकांत या प्रश्नाचा शेवट त्या वाक्यानं होतो. वाक्य झकास आहे, पण चार्ल्सच्या बाबतीत अर्धंच खरं आहे. तो विसरला नव्हता हे कबूल. पण तो शिकलाही होता. एकच धडा शिकला होता, तोही उलटा, आणि आयुष्यभर त्याला घट्ट धरून बसला.

चार्ल्स, म्हणजे तेव्हाचा आर्त्वाचा काउंट, हा सोळाव्या लुईचा सर्वांत धाकटा भाऊ. जन्म १७५७, व्हर्सायचा. देखणा, उधळ्या, गप्पिष्ट. बास्तीयचा तुरुंग पडल्यावर दोनच दिवसांनी, १६ जुलै १७८९ च्या रात्री, तो देश सोडून निघाला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. पुढची पंचवीस वर्षं तुरीन, कोब्लेंझ, एडिंबरा, लंडन अशी परक्या देशांत गेली. एडिंबऱ्याच्या होलीरूड राजवाड्यात तो राहिला त्याचं कारण गमतीचं आहे. त्या राजवाड्याच्या हद्दीत ऋणकोला अटक करता येत नसे, आणि चार्ल्सच्या मागं सावकार हात धुऊन लागले होते. रविवारी अटक होत नसे, म्हणून हे राजपुत्र रविवारी फिरायला बाहेर पडत. १८०४ मध्ये त्याची प्रेयसी लुईज द पोलास्त्राँ वारली आणि हा रंगेल माणूस एकदम देवभोळा झाला. पुढं पुन्हा कुठल्या बाईच्या वाटेला गेला नाही.

या सगळ्या वर्षांत त्यानं मनाशी एकच हिशेब पक्का केला: दादा मेला तो माघार घेतल्यामुळं. सोळाव्या लुईनं आधी एक गोष्ट कबूल केली, मग दुसरी, मग तिसरी, आणि शेवटी गिलोटिनवर गेला. म्हणून राजानं पहिलं पाऊल मागं घ्यायचंच नाही. १८३० च्या जुलैत मंत्रिमंडळात वटहुकुमांची चर्चा चालली होती तेव्हाही त्यानं हाच दाखला दिला होता. सोळावा लुई नुसता नमला म्हणून गेला नाही, तर एका हातानं नमत होता आणि दुसऱ्या हातानं पळायची तयारी करत होता, त्यामुळं त्याच्यावर कोणाचाच भरवसा उरला नाही. हा हिशेब चार्ल्सच्या वहीत कधी आलाच नाही.

मधला भाऊ अठरावा लुई मात्र वेगळ्या मातीचा. संधिवातानं जखडलेला, जाडजूड, पण डोकं शाबूत. १८१४ मध्ये त्यानं सनद, म्हणजे राज्यघटना, दिली: दोन सभागृहं, कायद्यापुढं समानता, क्रांतीत जप्त होऊन विकल्या गेलेल्या जमिनी घेणाऱ्यांकडंच राहतील याची हमी. मतदार किती? वर्षाला ३०० फ्रँक प्रत्यक्ष कर भरणारे, तिशी ओलांडलेले पुरुष. तीन कोटींच्या देशात लाखाच्या आसपास माणसं. म्हणजे ही काही लोकशाही नव्हती, पण पैसेवाल्या मध्यमवर्गाला दारात उभं राहायला जागा मिळाली होती. याच सनदेत चौदावं कलम होतं: कायद्यांच्या अंमलबजावणीसाठी आणि राज्याच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक ते हुकूम राजानं काढावेत. यातले 'राज्याच्या सुरक्षिततेसाठी' हे शब्द लक्षात ठेवा.

१३ फेब्रुवारी १८२० च्या रात्री चार्ल्सचा धाकटा मुलगा, बेरीचा ड्यूक, ऑपेराबाहेर लूव्हेल नावाच्या खोगीर करणाऱ्या कामगाराच्या सुऱ्याला बळी पडला. थोरल्याला मूलबाळ नव्हतं, तेव्हा थोरली पाती तिथंच खुंटावी हा खुन्याचा हेतू. पण ड्यूकची बायको गरोदर होती. सप्टेंबरात आँरी जन्मला. 'चमत्काराचं बाळ' म्हणून देशभर त्याचं कौतुक झालं. या बाळाकडं आपण शेवटी परत येऊ. खुनाचा राजकीय परिणाम असा, की कट्टर राजपक्षीयांचं पारडं जड झालं आणि सर्वांत श्रीमंत मतदारांना दोन मतं देणारा कायदा आला.

अठरावा लुई १६ सप्टेंबर १८२४ ला गेला आणि सासष्टाव्या वर्षी चार्ल्स गादीवर आला. सुरुवात वाईट नव्हती, हे पुस्तकं बहुधा सांगत नाहीत. त्यानं आल्या आल्या वृत्तपत्रांवरची पूर्वतपासणी उठवली. पॅरिसमध्ये घोड्यावरून शिरला तेव्हा लोकांनी मनापासून जयजयकार केला. माणूस रुबाबदार होता, गोड बोलायचा. मग २९ मे १८२५ ला रांसच्या कॅथेड्रलमध्ये राज्याभिषेक झाला. जुन्या राजांना ज्या पवित्र तेलानं अभिषेक होई ती कुपी क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये हातोड्यानं फोडली होती. काही थेंब भाविकांनी वाचवले होते असं जाहीर झालं आणि त्यानंच अभिषेक झाला. दोन दिवसांनी राजा तिथल्या रुग्णालयात गेला आणि गंडमाळा झालेल्या रोग्यांना स्पर्श केला, कारण फ्रान्सच्या राजाच्या हातानं गंडमाळ बरी होते अशी जुनी समजूत. त्या दिवशी १२१ रोगी आले होते. १७७५ मध्ये त्याच्या दादाच्या वेळी सुमारे २,४०० आले होते. वर्गात मी हे दोन आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहितो आणि थोडा वेळ गप्प बसतो.

याच समारंभात चार्ल्सनं सनद पाळायची शपथही घेतली. तो ढोंगी नव्हता. त्याच्या मते सनद राजानं दिलेली होती, तेव्हा तिचा अर्थ लावणारा राजाच.

आता कायदे. व्हिलेल हा पंतप्रधान, तूलूझकडचा, हिशेबाला पक्का. १८२५ मध्ये देवद्रोहाचा कायदा आला: चर्चमधल्या पवित्र प्रसादाची विटंबना केली तर देहदंड. फाशी त्याखाली एकालाही झाली नाही, पण 'पाद्र्यांचं राज्य आलं' ही बोंब उठायला तेवढं पुरलं. दुसरा कायदा परागंदा सरदारांच्या भरपाईचा, लोकांच्या तोंडी 'अब्जाचा कायदा'. प्रत्यक्षात रक्कम ९८.८ कोटी फ्रँकच्या घरात, ती ३ टक्के व्याजाच्या रोख्यांत द्यायची. यावर तावातावानं लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, यामुळं जप्तीच्या जमिनी घेतलेल्या लाखो शेतकऱ्यांचा घोर मिटला, कारण जुन्या मालकाचा दावा संपला. दोन, भरपाई घेणाऱ्यांत १७८९ च्या क्रांतीचा नायक खुद्द लाफायेत होता आणि बूर्बाँच्या धाकट्या पातीतला ओर्लेआँचा ड्यूक लुई फिलिपही होता. म्हणजे पुढं ज्यांनी चार्ल्सला घालवलं त्यांनीही आपला वाटा नाकारला नव्हता.

मग राग कशाचा? व्याजदराचा. या भरपाईची सोय लावण्यासाठी व्हिलेलनं ५ टक्क्यांचे सरकारी रोखे ३ टक्क्यांत बदलायचा घाट घातला. पहिला प्रयत्न वरच्या सभागृहानं १८२४ मध्ये हाणून पाडला, मग दुसऱ्या वर्षी बदल ऐच्छिक करून कायदा झाला. पण पॅरिसचा दुकानदार, वकील, निवृत्त कारकून, ज्यानं आयुष्याची शिल्लक त्या पाच टक्क्यांत ठेवली होती, त्याच्या डोक्यात एवढंच राहिलं: पळून गेलेल्या सरदारांचं घर भरायला माझं व्याज कापतायत. मुदतठेवीचा दर अर्ध्या टक्क्यानं उतरला की आपल्याकडं घराघरांत काय बोलणं होतं ते आठवा. तत्त्वाच्या भांडणापेक्षा हे जास्त झोंबतं.

थोरल्या मुलाला जास्त वारसा देणारं विधेयक १८२६ मध्ये सरदारांच्याच सभागृहानं फेटाळलं. छापखान्यांना जेरीस आणणारं विधेयक १८२७ च्या एप्रिलमध्ये मागं घ्यावं लागलं आणि पॅरिसनं घरोघर दिवे लावले.

आणि आता ती चूक, जी माझ्या मते वटहुकुमांपेक्षाही महागात पडली. २९ एप्रिल १८२७ ला शाँ द मार्सवर राष्ट्रीय रक्षक दलाची पाहणी होती. हे दल म्हणजे पॅरिसचे खातेपीते नागरिक, स्वतःच्या खर्चानं गणवेश शिवून शिस्तीत उभे राहणारे. राजाचा जयजयकार झाला, पण काही रांगांतून 'मंत्री मुर्दाबाद' अशाही आरोळ्या आल्या. चार्ल्स म्हणाला, मी इथं मुजरा घ्यायला आलोय, उपदेश घ्यायला नाही. त्याच रात्री दल बरखास्त. हुकूम निघाला, पण हत्यारं कोणी परत घेतली नाहीत. बंदुका आणि गणवेश लोकांच्या घरातच खुंटीवर राहिले. माणसं दुखावायची आणि त्यांच्या हातात बंदुकाही ठेवायच्या! तीन वर्षांनी त्याच बंदुका रस्त्यावर आल्या.

थोडं विषयांतर. याच १८२७ च्या जूनअखेर इजिप्तच्या महंमद अलीनं भेट दिलेलं जिराफ मार्सेयपासून चालत-चालत पॅरिसला पोहोचलं. साँ-क्लूच्या राजवाड्यात ते राजासमोर उभं केलं आणि त्यानं राजाच्या हातून गुलाबाच्या पाकळ्या खाल्ल्या. मग ते जार्दीन दे प्लांत या पॅरिसच्या वनस्पतिबागेत ठेवलं. त्याच संस्थेनं दुसऱ्या वर्षी व्हिक्तोर जाकमाँ हा तरुण निसर्गशास्त्रज्ञ भारतात पाठवला. फ्रान्समध्ये राजा बदलल्याची बातमी त्याला उत्तर हिंदुस्थानात कळली. पुढं तो दख्खन उतरून पुण्याला आला आणि १८३२ च्या डिसेंबरात मुंबईत वारला. एवढाच काय तो या कथेचा आपल्या मुलखाशी धागा.

१८२७ च्या निवडणुकीत व्हिलेलचं बहुमत गेलं. मधल्या वाटेचा मार्तिन्याक दीड वर्ष टिकला. त्याला उजवे मानेनात, डावे मानेनात आणि राजाचाही मनापासून आधार नाही. ८ ऑगस्ट १८२९ ला चार्ल्सनं मनातलं मंत्रिमंडळ आणलं. मुख्य माणूस झ्यूल द पोलिन्याक, मारी आंत्वानेतच्या जिवलग मैत्रिणीचा मुलगा, नेपोलियनविरुद्धच्या कटात वर्षानुवर्षं कैद भोगलेला, श्रद्धाळू आणि स्वतःबद्दल नको इतकी खात्री असलेला. युद्धमंत्री बुरमाँ, ज्यानं वॉटर्लूच्या तीन दिवस आधी नेपोलियनची बाजू सोडली होती. देशात गव्हाची पिकं दोन-तीन वर्षं पडलेली, पाव महागलेला, कारखान्यांत काम नाही, आणि त्यात ही नावं. तिएर हा पत्रकार आणि त्याच्या मित्रांनी जानेवारी १८३० मध्ये 'नासिओनाल' हे दैनिक काढलं आणि त्यातून एकच सूर लावला: राजानं राज्य करावं, कारभार करू नये.

मार्चमध्ये सभागृहानं २२१ विरुद्ध १८१ मतांनी राजाला कळवलं, की तुमच्या मंत्र्यांवर आमचा विश्वास नाही. राजानं सभागृह विसर्जित केलं. जूनच्या शेवटी आणि जुलैत निवडणुका झाल्या आणि विरोधक २७० च्या वर गेले.

याच काळात अल्जिअर्सची मोहीम चालू होती. निमित्त जुनं: क्रांतीच्या काळात फ्रान्सनं घेतलेल्या गव्हाचे पैसे थकले होते आणि १८२७ च्या एप्रिलअखेरीस तिथला 'दे', म्हणजे राज्यकर्ता, हुसेन यानं फ्रेंच वकिलाच्या तोंडावर माशा हाकलायचा पंखा मारला होता. ५ जुलै १८३० ला अल्जिअर्स पडलं. दुकानदार एका विजयानं आपलं व्याज आणि आपली बंदूक विसरेल असा राजाचा अंदाज होता. पण मतदान बरंचसं उरकलं होतं, आणि तीस हजारांवर सैन्य युद्धमंत्र्यासकट समुद्रापार होतं. राजाच्या गार्ड पथकांपैकी काही नॉर्मंडीत गेलेली, तिथं गूढ आगी लागत होत्या म्हणून.

अशा वेळी चौदावं कलम बाहेर आलं. रविवार, २५ जुलै, साँ-क्लू. चार वटहुकुमांवर सह्या झाल्या: वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य स्थगित, नवं सभागृह, जे एकदाही भरलं नव्हतं, बरखास्त, मतदानाचे नियम बदलले, सप्टेंबरात नवी निवडणूक. नियमबदलाची मेख बघा. मताधिकारासाठी धंद्याच्या परवान्यावरचा कर यापुढं धरायचा नाही, फक्त जमीन-घराचा कर. म्हणजे व्यापारी, कारखानदार, छापखानेवाले एका फटक्यात बाहेर आणि जमीनदार आत.

सोमवारी सरकारी पत्रात हे छापून आलं आणि राजा रांबुइयेला शिकारीला गेला. पॅरिसचा लष्करी ताबा द्यायचा होता मार्शल मार्माँकडं, पण त्याला आधी कोणी काही सांगितलंच नव्हतं. त्याची नेमणूक मंगळवारी कळली. आणि माणूस तरी कोण निवडला? १८१४ मध्ये पॅरिस शत्रूच्या हवाली करणारा मार्माँ. त्याच्या 'रागुझचा ड्यूक' या किताबावरून फ्रेंचमध्ये दगा देणं या अर्थाचं क्रियापद तयार झालं होतं. हाताखाली बारा हजारांच्या आसपास सैनिक, शहर आठ लाखांकडं झुकलेलं. उन्हाचा कहर, आणि शिपायांना पाव-पाणी पोचवायचीही धड व्यवस्था नाही.

मंगळवार २७ तारखेचं एक दृश्य मला सगळ्यांत बोलकं वाटतं. 'ताँ' या वृत्तपत्राच्या छापखान्यावर पोलीस अधिकारी यंत्रं मोडायला आला. दार बंद. कुलूपवाला बोलावला. संपादक बोद दारात उभा, हातात दंडसंहितेचं पुस्तक, आणि घरफोडीला शिक्षा काय ते मोठ्यानं वाचून दाखवतोय. कुलूपवाल्यानं टोपी काढली आणि नकार दिला. दुसरा आणला, तोही मागं सरला. शेवटी कैद्यांच्या पायांत बेड्या ठोकणारा लोहार आणावा लागला. तासन्‌तास हे चाललं आणि रस्त्यावर गर्दी वाढत गेली. जिथं कुलूपवालाही राजाचा हुकूम बेकायदा मानतो, तिथं चौदावं कलम कागदावरच राहतं. छापखाने बंद म्हणून शेकडो जुळारी आणि छपाई कामगार त्याच रस्त्यांवर रिकामे होते. पहिले दगड फेकणाऱ्यांत तेही होते.

बुधवारी फरशीचे दगड उपटून, गाड्या उलथून, झाडं पाडून गल्लोगल्ली अडथळे उभे राहिले. वरून खुर्च्या, कपाटं, फुलझाडांच्या कुंड्या शिपायांवर कोसळत होत्या. नोत्र दामच्या चर्चवर क्रांतीचा तिरंगा लागला. मार्माँनं सकाळीच राजाला लिहिलं: हा दंगा राहिलेला नाही, ही क्रांती आहे. साँ-क्लूत तोफांचे आवाज ऐकू येत होते आणि राजाचा पत्त्यांचा डाव नेहमीसारखा चालू होता, असं सांगतात. 'माघार नाही' हा धडा चालू होता, पण तो चालवायला फौज लागते आणि ती अल्जिअर्सला होती.

गुरुवारी प्लास वाँदोमवरच्या दोन पलटणी लोकांना मिळाल्या. ती फट बुजवायला मार्माँनं लूव्ह्र राजवाड्यातली, राजाच्या चाकरीतल्या स्विस शिपायांची एक तुकडी हलवली आणि गोंधळात एक बाजू उघडी पडली. लोक खिडक्यांतून आत शिरलेले दिसताच उरलेल्या स्विसांना १० ऑगस्ट १७९२ ला पॅरिसच्या जमावानं केलेली स्विस रक्षकांची कत्तल आठवली आणि ते पळत सुटले. राजा आणि त्याचे शिपाई, दोघांच्या डोक्यात जुनीच क्रांती बसली होती. दुपारपर्यंत शहर हातचं गेलं. नागरिकांकडचे पाचशेच्या वर मेले. त्यांची नावं आज बास्तीयच्या चौकातल्या स्तंभावर कोरलेली आहेत. (देलाक्र्वाचं ते प्रसिद्ध चित्र, हातात तिरंगा घेतलेली स्त्री आणि शेजारी पिस्तुलं परजणारा पोरगा, हे याच तीन दिवसांचं आहे, १७८९ चं नाही.)

आता राजा वटहुकूम मागं घ्यायला तयार झाला, म्हणजे जी माघार घ्यायची नाही असं चाळीस वर्षं ठरवलं होतं तीच, पण अशा वेळी की तिला कवडीची किंमत नव्हती. तिएरनं भिंतींवर लुई फिलिपच्या नावाची पत्रकं लावली होती. शनिवारी ३१ तारखेला लाफायेतनं नगरभवनाच्या सज्जात त्याला तिरंग्यासह मिठी मारली. धाकट्या पातीचं नशीब उघडलं.

२ ऑगस्टला रांबुइयेत चार्ल्सनं गादी सोडली, नऊ वर्षांच्या नातवासाठी, म्हणजे आँरीसाठी. त्यासाठी मुलाचीही सही हवी होती. थोरल्या मुलानं ती अखेर केली. सहीपूर्वीच्या त्या काही मिनिटांपुरता त्याला 'एकोणिसावा लुई' म्हणायची थट्टा आजही चालते. नातवाचं नाव लुई फिलिपनं सभागृहात पुढं केलंच नाही. ३ ऑगस्टला पॅरिसचा जमाव भाड्याच्या गाड्या आणि नव्या ऑम्निबसांत बसून रांबुइयेकडं निघाला. आकडा फुगवून साठ हजारांवर सांगितला गेला आणि दहा हजारांवर फौज जवळ असूनही चार्ल्स लढला नाही. १६ ऑगस्टला त्यानं शेरबूरला जहाज गाठलं. त्याचं आश्रयस्थान पुन्हा तेच होलीरूड.

थोडक्यात विचाराल तर वटहुकूम ही ठिणगी, हे बरोबर. पण दुखावलेला रोखेधारक, हत्यारासकट घरी पाठवलेला रक्षक आणि महाग पाव ही दारू आधीची. ठिणगी टाकताना पाण्याची बादली अल्जिअर्सला पाठवली, हा भाग परीक्षेत हमखास सुटतो.

चार्ल्स ६ नोव्हेंबर १८३६ ला गोरित्सियात पटकीनं गेला. आज स्लोव्हेनियात असलेल्या नोव्हा गोरित्साच्या कोस्तान्येव्हित्सा मठात त्याला पुरलं. १८७१ मध्ये फ्रान्सच्या सभागृहात राजपक्षीयांचं बहुमत आलं आणि 'चमत्काराचं बाळ' आँरी, आता पन्नाशीचा, याला गादी जवळजवळ ताटात वाढून दिली. अट एकच: तिरंगा मान्य करा. त्यानं बूर्बाँचं पांढरं निशाण सोडायला नकार दिला. १८८३ मध्ये तो निपुत्रिक वारला आणि त्याच मठात आजोबांजवळ पुरला गेला.